पिंप, गाडी आणि आकडा : एका किनारपक्ष्याच्या मोजणीचा इतिहास

‘द ऑक’ या अमेरिकी पक्षिशास्त्रीय नियतकालिकात १८९३ साली जॉर्ज मॅके या गृहस्थांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. मॅके बंदुकीचे शौकीन होते, पण नेमाने नोंदी ठेवणाऱ्यांपैकी होते. टिपणाचा विषय आहे नॉट नावाचा किनारपक्षी. केप कॉडच्या किनाऱ्यावर पूर्वी चालणाऱ्या एका शिकारपद्धतीचे त्यात वर्णन आहे. अंधारी रात्र. वाळूवर विसावलेल्या थव्याकडे दोन माणसे कंदील घेऊन जात. एकाने उजेड धरायचा. दिपून जागच्या जागी बसलेले पक्षी दुसऱ्याने उचलायचे, मानेचा चावा घेऊन मारायचे आणि पोत्यात भरायचे. अशा पक्ष्यांनी भरलेली सहा पिंपे बॉस्टनला जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर एकाने पाहिल्याचा उल्लेख मॅके करतात. भाव होता डझनाला दहा सेंट.

सहा पिंपांत किती पक्षी मावतात? मॅके सांगत नाहीत, आणि त्यांच्या वाचकांनाही तसे विचारावेसे वाटले नसावे. ज्या व्यवहारात पिंप हे माप होते त्या व्यवहाराला पक्ष्यांची गणती नको होती. वजन, डझन आणि भाव एवढे पुरेसे होते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. एकाच पक्ष्याला पिंपापासून आकड्यापर्यंत कोणी, कशासाठी आणि कुठल्या मापाने मोजले, आणि प्रत्येक मापातून काय निसटले? मी पक्षिशास्त्राचा अभ्यासक नाही. संहितेत कोण बोलतो आहे आणि कुठे उभा राहून बोलतो आहे, हे विचारण्याची सवय लागलेला वाचक आहे. आकडा समोर आला की ही सवय आपण का सोडून देतो, हे मला कधी कळलेले नाही.

आधी पक्ष्याची ओळख. आपल्याकडचे तुतवार आणि टिलवे ज्या कुळातले, त्याच कुळातला हा पक्षी. वजन साधारण १३० ग्रॅम, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी कांद्याएवढे. उन्हाळ्यात छाती विटकरी तांबडी, हिवाळ्यात सगळा राखाडी. याच्या ज्या उपजातीविषयी इथे लिहितो आहे ती ‘रूफा’ कॅनडाच्या उत्तरध्रुवीय टुंड्रात अंडी घालते आणि तिच्यातले काही पक्षी हिवाळ्यासाठी थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगोला जातात. एका बाजूचा प्रवास सुमारे १५ हजार किलोमीटर. लिनियसने १७५८ साली या जातीला ‘कॅन्यूटस’ हे नाव दिले. भरतीच्या लाटांना थांबण्याचा हुकूम देणाऱ्या कॅन्यूट राजाशी ते जोडले जाते, पण ही व्युत्पत्ती फारशी भरवशाची नाही. ‘रूफा’ हे नाव अलेक्झांडर विल्सनने १८१३ साली दिले. गंमत अशी की त्याच ग्रंथात त्याने याच पक्ष्याच्या राखाडी अवस्थेचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले आहे. वेषांतर केलेल्या पात्राला दुसरेच पात्र समजण्याची चूक विल्सनसारख्या जाणकाराकडूनही झाली. मोजायचे काय, हे ठरायलाच वेळ लागतो, तो असा.

मोजणीच्या अभावाचा पुरता अर्थ समजायला मात्र दुसऱ्या एका पक्ष्याकडे वळायला हवे. एस्किमो कर्ल्यू हाही उत्तर ध्रुवाकडचाच. कॅनडाच्या वायव्येकडील टुंड्रात वीण, हिवाळ्यात अर्जेंटिनाची गवताळ मैदाने, आणि वसंतात परतताना अमेरिकेच्या मध्यभागातील प्रेअरीवरून मार्ग. पानगळीच्या दिवसांत हा पक्षी इतका चरबीने भरलेला असे की गोळी लागून खाली पडताच छाती उकले आणि आत मळलेल्या कणकेसारखा थर दिसे. म्हणून न्यू इंग्लंडचे शिकारी त्याला ‘डो-बर्ड’ म्हणत. मायरन स्वेंक यांनी १९१० च्या दशकात या पक्ष्याच्या नाहीसे होण्यावर एक दीर्घ लेख लिहिला. जुन्या माणसांच्या आठवणींच्या आधारे ते सांगतात, की ओमाहाहून निघालेले शिकारी घोडागाडीला बाजूच्या फळ्या लावून ती काठोकाठ भरेपर्यंत पक्षी मारीत. आणि आणखी मोठा थवा भेटला तर आधीचे पक्षी माळावर ओतून गाडी नव्याने भरीत. इथे माप आहे गाडी. माळावर ओतलेल्या ढिगांना तर मापच नाही. ते कुठल्याही बाजारात पोचले नाहीत.

एस्किमो कर्ल्यू १९६२ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला छायाचित्रात सापडला आणि १९६३ साली बार्बाडोसमध्ये एकाची शिकार झाली. त्यानंतर निर्विवाद पुरावा नाही. दरम्यान १९५५ साली फ्रेड बॉड्सवर्थ या कॅनेडियन लेखकाची ‘लास्ट ऑफ द कर्ल्यूज’ ही छोटी कादंबरी आली. तिचा नायक एक एकटा कर्ल्यू आहे. तिच्याविषयी साहित्याच्या अंगाने लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण इथे मुद्दा वेगळा. हा पक्षी एके काळी किती होता याचा कुठलाही विश्वसनीय आकडा आज उपलब्ध नाही. आहेत त्या आठवणी, बाजारभाव, भरलेल्या गाड्या आणि शेवटी एक कादंबरी. पक्ष्याची गोष्ट सांगण्याचे काम ललित वाङ्मयाकडे आले, कारण शास्त्राकडे तिच्यासाठी वहीच नव्हती.

नॉट वाचला. अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांच्यात १९१६ साली झालेला स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा करार आणि १९१८ चा कायदा यांमुळे बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली. शिकार थांबली तशी पिंपेही थांबली, आणि पिंपांबरोबर जी काही ओबडधोबड मोजदाद होत होती तीही थांबली. पुढची पन्नासेक वर्षे या पक्ष्याच्या संख्येच्या इतिहासात जवळजवळ कोरी आहेत. संरक्षण मिळालेल्या वस्तूकडे पाहणे आपण थांबवतो, हा अनुभव काही केवळ पक्ष्यांपुरता नाही. असो.

नव्या मोजणीची सुरुवात १९७४ साली झाली. मॅसॅच्युसेट्समधील मॅनोमेट पक्षिवेधशाळेने ब्रायन हॅरिंग्टन यांच्या पुढाकाराने ‘इंटरनॅशनल शोअरबर्ड सर्व्हे’ सुरू केला; त्याच वर्षी कॅनेडियन वन्यजीव सेवेने आपल्या पूर्व किनारी प्रांतांत तसाच उपक्रम हाती घेतला. रचना अगदी साधी. हौशी निरीक्षकाने आपल्या ठरलेल्या किनाऱ्यावर ठरलेल्या अंतराने जायचे आणि काय दिसले ते छापील तक्त्यात लिहून पाठवायचे.

इथे स्वाभाविक प्रश्न पडतो, की उत्तर ध्रुवाकडचा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच का मोजत नाहीत? कारण तिथे तो सापडत नाही. नॉटची घरटी ओसाड, खडकाळ टुंड्रात एकमेकांपासून फार दूर विखुरलेली असतात, आणि अंड्यांवर बसलेला पक्षी दगडांत मिसळून जातो. ब्रिटिश नौदलाच्या १८७५-७६ च्या ध्रुवीय मोहिमेतील निसर्गतज्ज्ञ हेन्री फील्डन यांना एल्समेअर बेटावर नॉटची पिल्ले सापडली, अंडी मात्र सापडली नाहीत. तेव्हा जन्मस्थानी मोजणे अशक्य, वाटेत मोजणे शक्य. भरतीने किनारा अरुंद झाला की हजारो पक्षी एका पट्ट्यात गोळा होतात. मोजणी होते ती पक्षी जिथला आहे तिथे नव्हे, तर जिथे त्याची गर्दी होते तिथे. पुढचे सगळे वाद या एका गोष्टीतून निघाले आहेत.

गाय मॉरिसन आणि केन रॉस या दोन कॅनेडियन शास्त्रज्ञांनी १९८२ ते १९८६ या काळात दक्षिण अमेरिकेचा जवळजवळ सगळा किनारा छोट्या विमानातून पिंजून काढला. विमान पाण्याच्या कडेला समांतर, अगदी खालून जाते. थवे उडतात, वळतात, पुन्हा बसतात. निरीक्षकाला एकेक पक्षी मोजायला सवडच नसते. तो आकडा ध्वनिमुद्रकात बोलून पुढे जातो. हे कसब असे, की आधी दहा पक्ष्यांचा पुंजका डोळ्यांत ठसवायचा, मग शंभराचा, मग हजाराचा, आणि थव्यावर तो ठसा मनातल्या मनात ठेवत जायचे. खळ्यावरची रास पाहून किती पोती होतील हे सांगणारा आपला शेतकरी याहून वेगळे काय करतो? मॉरिसन-रॉस यांचा नकाशासंग्रह १९८९ साली प्रसिद्ध झाला. तिएरा देल फ्वेगो आणि पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर त्यांनी सुमारे ६७,५०० नॉट नोंदवले होते. त्यातला मोठा हिस्सा चिलीच्या हद्दीतील बाइया लोमास या एकाच उपसागरात होता. ओहोटीला तिथे समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटतो आणि चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते.

याच सुमारास उत्तरेत दुसरी मोजणी चालू झाली होती. न्यू जर्सी आणि डेलावेअर या राज्यांच्या मध्ये डेलावेअर बे हा उपसागर आहे. १९८१-८२ मध्ये तिथे विमानातून पाहणी झाली आणि मे महिन्यातल्या काही आठवड्यांत इथे किती पक्षी उतरतात हे पाहून पाहणारेही चकित झाले. १९८६ पासून दर मे-जूनमध्ये आठवड्याला एक अशी हवाई मोजणी नियमित होऊ लागली. १९८९ साली एका दिवसात दिसलेल्या नॉटचा सर्वोच्च आकडा ९४ हजारांच्या वर गेला.

पक्षी इथेच का उतरतात? हॉर्सशू क्रॅबसाठी. घोड्याच्या नालेसारखी पाठ असलेला हा प्राणी नावाने खेकडा असला तरी कोळी आणि विंचू यांच्या जवळचा. आपण सोयीसाठी नालखेकडा म्हणू. (याच्या वेगळ्या जाती आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आहेत.) मे-जूनमधल्या पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला नालखेकडे डेलावेअरच्या वाळूत येतात आणि एकेक मादी मोसमात ८० हजारांच्या आसपास अंडी घालते. दक्षिणेकडून आलेला नॉट इथे पोचतो तेव्हा हाडांचा सापळा झालेला असतो. लांबच्या उड्डाणाआधी त्याची पचनेंद्रियेही आक्रसलेली असतात. शिंपले दळून काढण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. मऊ, चरबीयुक्त अंडी हेच त्याला त्या वेळी पेलणारे अन्न. दोनेक आठवड्यांत वजन १८० ग्रॅमपर्यंत नेऊन तो टुंड्राकडे निघतो. तिथे अजून बर्फ असते, खायला फारसे काही नसते. डेलावेअरला कमावलेल्या चरबीवरच पहिले दिवस काढायचे असतात.

१९९० च्या दशकात गोगलगाईंच्या जातीचे व्हेल्क आणि ईल मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून नालखेकड्यांची उचल प्रचंड वाढली. दशकाच्या शेवटी ती वर्षाला वीस लाखांच्या वर गेली. १९९८ साली अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांच्या सामायिक मत्स्यव्यवसाय आयोगाने पहिला व्यवस्थापन आराखडा केला, २००८ साली न्यू जर्सीने ही उचल पूर्ण बंद केली. नालखेकड्याचे निळसर रक्त औषधे आणि लसी जंतुविषापासून मुक्त आहेत की नाहीत हे तपासायलाही वापरले जाते. त्यासाठी धरलेले प्राणी रक्त काढून समुद्रात सोडतात. काही जगतात, काही जगत नाहीत. तो विषय मोठा आहे, इथे नुसता उल्लेख पुरे.

अंडी घटली आणि दक्षिणेतले आकडे कोसळू लागले. तिएरा देल फ्वेगोच्या मोजणीत २००० साली सुमारे ५१ हजार, २००४ मध्ये ३० हजार, २००५ मध्ये १७,६५३. मॉरिसन आणि रॉस हेच दोघे, तोच किनारा, तोच जानेवारी-फेब्रुवारीचा हंगाम. दोन दशके तेच डोळे वापरले गेले, हे या मालिकेचे मोठे बळ. पक्षी दुसरीकडे गेले असतील ही शंका अर्थातच आली. म्हणून बाजूच्या किनाऱ्यांवरूनही विमाने फिरवली गेली. पक्षी दुसरीकडे नव्हते.

२००४ साली अ‍ॅलन बेकर आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. प्रौढ पक्ष्यांपैकी एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जिवंत जाणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षांत ८५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर आले होते. हा दर असाच राहिला तर ही पक्षिसंख्या २०१० च्या आसपास नामशेष होण्याच्या कडेला जाईल, असे गणित त्यांनी मांडले. वर्तमानपत्रांनी स्वाभाविकपणे त्यातले सन तेवढे उचलले. ‘असाच राहिला तर’ हे शब्द मथळ्यात मावत नाहीत.

२०१० उजाडले, पक्षी होता. मासेमारांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळाले: शास्त्रज्ञांनी घाबरवले, तसे झाले काहीच नाही. हा युक्तिवाद मला अप्रामाणिक वाटतो. सशर्त विधानाची अट बदलली (उचलीवर बंधने याच काळात आली) तर निष्कर्ष बदलणारच. पण दुसऱ्या बाजूलाही एक विचारण्यासारखे आहे. सन सांगितल्याशिवाय कोणी ऐकत नाही हे माहीत असताना सन सांगणे हा अलंकाराचा वापर आहे, आणि अलंकाराची किंमत पुढे द्यावी लागते. २०११ साली तिएरा देल फ्वेगोचा आकडा दहा हजारांच्याही खाली गेला. ही बातमी आधीच्या बातमीइतकी गाजली नाही.

आता मोजणीच्या तिसऱ्या रीतीकडे येऊ. १९९७ पासून डेलावेअर बेमध्ये तोफेच्या साह्याने थव्यावर जाळे फेकून पक्षी पकडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेले क्लाइव्ह मिंटन हे या तंत्राचे उस्ताद. न्यू जर्सीचे लॅरी नाइल्स, अर्जेंटिनाच्या पॅट्रिशिया गोन्झालेझ अशी माणसे त्यात होती. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी घालायची: अर्जेंटिनाची नारिंगी, चिलीची तांबडी, ब्राझीलची निळी, कॅनडाची पांढरी, अमेरिकेची हिरवी. पट्टीवर अक्षर-अंक. नंतर कोणीही दुर्बिणीतून ते वाचावे आणि कळवावे. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या काळात पक्ष्यांच्या पायात धातूची कडी घालण्याचे मोठे काम केले; पण कडे वाचायला पक्षी हातात यावा लागतो, बहुधा मेलेला. सैबेरियाच्या टुंड्रातून शिवडीच्या नि ठाण्याच्या चिखलावर येणाऱ्या टिलव्यांकडे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. त्यातला एखादा मागच्या वर्षीचाच आहे हे रंगीत पट्टीशिवाय कळायला काही मार्ग नाही.

या रीतीतून एक पक्षी जगप्रसिद्ध झाला. १९९५ च्या फेब्रुवारीत तिएरा देल फ्वेगोतील रिओ ग्रांदे इथे पकडलेल्या एका प्रौढ नराला पुढे ‘बी ९५’ ही नारिंगी पट्टी मिळाली. तो २००१, २००३, २००७ मध्ये पुन्हा जाळ्यात आला आणि २०१४ पर्यंत दिसत राहिला. म्हणजे किमान वीस वर्षे. त्याने आयुष्यात कापलेले अंतर चंद्रापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेने परत येण्याइतके होते, असा हिशेब मांडला गेला. त्यावरून त्याला ‘मूनबर्ड’ म्हणू लागले. फिलिप हूज यांचे त्या नावाचे पुस्तक २०१२ साली आले. बॉड्सवर्थच्या कर्ल्यूशेजारी याला ठेवून पाहावे. तो लेखकाने रचलेला एकटा पक्षी. त्याच्या जातीची वहीच नव्हती. बी ९५ चे चरित्र मात्र केवळ वहीतल्या नोंदींचे आहे: तारीख, ठिकाण, वजन, पट्टी कोणी वाचली. दोन नोंदींच्या मधले सगळे रिकामे. तरी माणसे त्याला पाहून हेलावली, हे विशेष. समीक्षकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

पट्ट्यांचा शास्त्रीय उपयोग मात्र एका पक्ष्याच्या दीर्घायुष्यापुरता नाही. थव्यात पट्टीवाले किती आणि बिनपट्टीचे किती हे प्रमाण मोजायचे, एकच पट्टी मोसमात किती दिवस दिसते ते पाहायचे, आणि त्यावरून संपूर्ण मोसमात एकूण किती पक्षी डेलावेअरहून गेले याचा सांख्यिकीय अंदाज काढायचा. २०११ पासून हा अंदाज दरवर्षी निघू लागला. तो बहुतेक वर्षी ४० ते ५० हजारांच्या दरम्यान राहिला आहे.

२०२१ साली या दोन रीती समोरासमोर आल्या. त्या मे महिन्यात डेलावेअर बेमध्ये एका वेळी दिसलेल्या नॉटचा सर्वोच्च आकडा होता ६,८८०; १९८० च्या दशकात मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. त्याच मोसमाचा सांख्यिकीय अंदाज सुमारे ४२ हजार. एकाच पक्ष्याविषयी, एकाच उपसागरात, एकाच महिन्यात. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटावे, कोणीतरी खोटे बोलते आहे. तसे नाही. पहिला आकडा एका दिवशी मंचावर असलेल्या पात्रांचा आहे, दुसरा नाटकभर येऊन गेलेल्या सगळ्या पात्रांचा. पक्षी थोडेच दिवस थांबले, वारा प्रतिकूल होता, काही थवे कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरून परस्पर गेले, तर पहिला आकडा घसरतो आणि दुसरा जागच्या जागी राहू शकतो. पुढच्याच वर्षी पहिला आकडा बारा हजारांच्या घरात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी बावीस हजारांच्या. तीन वर्षांत पक्षी तिप्पट झाले असे कोणी जाणता म्हणणार नाही. तुतवारांच्या कुळातले पक्षी तशा वेगाने वाढत नाहीत.

मग दुसरा आकडा धरावा, पहिला टाकावा? मत्स्यव्यवसाय आयोगाच्या गणितात दुसराच धरला जातो. शास्त्र म्हणून तो अधिक पक्का आहे हेही खरे. पण त्याची वही २०११ साली उघडली आहे. संख्या स्थिर आहे, असे तो सांगतो तेव्हा ती कोसळून झाल्यानंतर स्थिर आहे एवढाच त्याचा अर्थ. कोसळण्याआधी काय होते हे सांगायला तो हजर नव्हता. १९८९ चे ९४ हजार हे तर एका दिवसाचे दर्शन. त्या मोसमात एकूण गेलेले पक्षी त्याहून निश्चितच अधिक होते, किती अधिक ते आता काढता येणार नाही. शिवाय ४२ हजारांच्या बेरजेत आग्नेय अमेरिकेत, कॅरिबियनमध्ये, उत्तर ब्राझीलमध्ये हिवाळा काढणारे पक्षी आहेत. तिएरा देल फ्वेगोपर्यंत जाणाऱ्यांचे जे झाले ते या बेरजेत बुडून जाते. सरासरीत बुडणे म्हणजे काय, हे आपल्याला पिकांच्या पैसेवारीवरून ठाऊक आहे. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाला दुष्काळाची सवलत मिळायची की नाही हे ठरत असे, आणि ज्याचे रान करपले त्याचे रान सरासरीत हिरवे दिसत असे.

इथेही आकड्यावर काहीतरी ठरायचेच होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये रूफा नॉटला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले होते. २०२२ साली आयोगाने आपले प्रारूप सुधारले. नव्या गणितानुसार मादी नालखेकड्यांची मर्यादित उचल पुन्हा सुरू करणे पक्ष्यांना बाधक ठरणार नव्हते. हजारो हरकती आल्या. आयोगाने प्रारूप स्वीकारले, पण २०२३ साठी माद्यांची उचल शून्यच ठेवली. स्वतःचा आकडा मान्य करायचा आणि त्यावर कृती करायची नाही, ही काहीशी विचित्र भूमिका. काहींनी तिला भित्रेपणा म्हटले. मला ती त्या सगळ्या प्रकरणातली सर्वात समंजस गोष्ट वाटते.

राहता राहिला मूळ प्रश्न. ऱ्हास मोजायचा तर तो कशाच्या तुलनेत? आपण नकळत १९८० च्या दशकातले आकडे ‘पूर्वीचे’ म्हणून धरतो, कारण वही तिथून सुरू होते. पण तेव्हाचा डेलावेअर बे तरी मूळचा होता का? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची कित्येक दशके नालखेकडे खतासाठी लाखांनी वाळवले आणि दळले जात होते. १९२० च्या दशकातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डेलावेअरच्या बॉवर्स गावाच्या किनाऱ्यावर नालखेकड्यांच्या राशी बांध घातल्यासारख्या रचलेल्या दिसतात. रासायनिक खते आली, हा धंदा बसला आणि प्राणी हळूहळू सावरले. १९८१ साली विमानातून पाहणाऱ्यांना जे दिसले ते कदाचित आधीच एकदा मोडून पुन्हा भरत आलेले चित्र असावे. मॅके यांनी १८९३ साली त्याच टिपणात तक्रार केली होती, की पूर्वी विपुल असलेला हा पक्षी आता फार थोडा उरला आहे. ‘पूर्वी’ म्हणजे त्यांच्या तरुणपणी. विल्सनने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हिंडून आपल्या ग्रंथासाठी टिपणे केली ती त्याच्याही अर्धशतक आधी. किनाऱ्यावरचे लोक टर्नस्टोन या पक्ष्याला ‘हॉर्स-फूट स्नाइप’ म्हणतात, कारण तो नालखेकड्याची अंडी खातो, हे विल्सनने लिहून ठेवले आहे. किती पक्षी, किती अंडी, हे लिहिलेले नाही.